टॉवरवरचं कापड

टॉवर पडला नाही, म्हणून माझी बायको वेडी ठरली. पडला असता तर दोन-चार बाया मेल्या असत्या, आणि मग सगळे म्हणाले असते, बाई खरं सांगत होती. आमच्याकडे बाईचं म्हणणं खरं ठरायला मढं लागतं.

मी जास्त शिकलेलो नाही. सातवीत शाळा सुटली, मग जन्मभर कारखान्यात पॅकिंगला. लिहायची सवय नाही. ती गेल्यापासून घरात बोलायला कोण नाही म्हणून लिहितोय. आणि रागानं लिहितोय, ते आधीच सांगतो.

अंबरनाथला बुवापाड्यात आमची चाळ. घरोघर टीव्ही यायला लागले ते दिवस. चित्र कसलं दिसतंय, नुसत्या मुंग्या. जो तो पत्र्यावर पाइप उभा करून त्याला अँटिना बांधायचा. वारा आला की पाइप आडवा, शेजारच्याचा पत्रा फुटला, भांडण सुरू. शेवटी जयंती मंडळानं ठरवलं, विहाराच्या बाजूला एकच उंच खांब उभा करू आणि त्यावरनं सगळ्यांना वायर देऊ. पहिला खांब बारीक होता, तीन बाजूंनी तारांचे ताण देऊन उभा केलेला. ते ताण अंगणभर. बाया पाणी आणताना अडखळायच्या, आणि जयंतीचा मंडप घालायला जागा उरेना. तेव्हा ठरलं, ताणाबिणाची भानगड नको, आपल्या पायांवर उभा राहील असा लोखंडी टॉवर करून घ्यायचा.

इथं माझ्या बायकोचा संबंध आला. ती उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यातनं माल आणून घरी धागे कापायची. चाळीतल्या आणखी चार-पाच बाया तिच्याबरोबर दिवसभर आमच्या पडवीत बसायच्या, कारण उजेड तिथंच चांगला. तिच्या शेठच्या शेजारी एक सिंधी म्हातारा टाक्यांचे स्टँड आणि टॉवर बनवायचा. मंडळाच्या अध्यक्षाला आणि मला तीच त्याच्याकडे घेऊन गेली.

म्हाताऱ्यानं आधी उंची विचारलीच नाही. म्हणाला, "ऊपर क्या लगेगा?"

"दोन अँटिना," अध्यक्ष म्हणाला. "आणि आपला निळा झेंडा."

"झेंडा छोटा ना? और कुछ नहीं?"

"और कुछ नहीं."

"जगह खुली है?"

"छे, चाळीतच आहे. चारी बाजूंनी घरं."

बायको मध्ये बोलली, "खोटं कशाला सांगता भाऊ? डोंगराकडची बाजू मोकळीच आहे. मे महिन्यात तिकडनं वारं सुटलं की वाळत घातलेली चादर बांबूसकट जाते. वारं तिकडनं येणार, आणि टॉवर पडला तर आमच्या पडवीत येणार."

म्हातारा हसला. "साईं, टॉवर की बात बाई से करो. फिर तो पैर चौड़े लगेंगे, और गड्ढा गहरा." मग बोट वर करून म्हणाला, "एक बात. जाली में से हवा निकल जाती है. उसपे कपड़ा बांधा, तो फिर मेरे पास मत आना."

अध्यक्षानं मान हलवली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय ती मान हलताना.

टॉवर चांगला झाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खाली पाय फाकलेले, वर निमुळता, खड्डा माझ्या छातीएवढा. दोन पावसाळे काढले, जरासुद्धा हलला नाही. चित्र एकदम साफ.

मग तो लोकांच्या डोळ्यांत भरला. एवढी उंच वस्तू नुसती उभी राहिलेली आमच्या लोकांना बघवत नाही. आधी लायटिंगच्या माळा चढल्या, मग दोन भोंगे. आणि निवडणुकीच्या वर्षी नगरसेवकाचं कापड आलं. चाळीच्या दोन दारांएवढं, पेंटरकडनं रंगवून घेतलेलं. वर बारीक अक्षरात जयंतीच्या शुभेच्छा आणि खाली त्याचं थोबाड. रस्ता डोंगराच्या बाजूला, म्हणून थोबाड डोंगराकडे. म्हणजे बरोबर वाऱ्याच्या तोंडावर. चारी कोपरे टॉवरला करकचून बांधलेले, खालच्या दोऱ्या पार टॉवरच्या पायापर्यंत आणलेल्या.

जयंती झाल्यावर बायको अध्यक्षाकडे गेली. मी बरोबर होतो. म्हणाली, "आता उतरवा ते."

"वहिनी, बुद्धपौर्णिमेपर्यंत राहू द्या. साहेब स्वतः येणार आहेत. नळ द्यायचं कबूल केलंय त्यांनी."

"मग साहेबांना भिंतीवर लावा. भिंतीवरनं नळ देता येत नाही काय त्यांना?"

बसलेले लोक हसले. तिला हसू नव्हतं आलं. "रिकाम्या दोरीनं बांबू मोडतो का कधी? चादर टाकली की मोडतो. त्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"वहिनी, लोखंड आहे ते. तुमचा कपडे वाळत घालायचा बांबू नाही. तुम्ही धागे कापा."

मी म्हणालो, "भाऊ, ती बरोबर बोलतेय." तर मला म्हणाला, "तूपण बायकोच्या तोंडानं बोलायला लागलास काय?"

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी वारं सुटलं. माझी सुट्टी होती, मी घरात आडवा पडलो होतो. डोंगराकडनं लाल धूळ उठली, पत्रे वाजायला लागले. मग वेगळाच आवाज आला, म्हातारं माणूस उठताना कण्हतं तसा. बाहेर आलो तर कापड पोटासारखं फुगलेलं आणि टॉवरचं टोक आमच्याकडे झुकलेलं. बायको बायांना म्हणत होती, "उठा. माल राहू दे, पोरं उचला, मागच्या दारानं जा." त्या गेल्या. ही मात्र धागे कापायची कातर घेऊन टॉवरकडे पळाली.

मी ओरडत मागं गेलो. ओरडून काय उपयोग, ती थांबणारी नव्हती. खालची एक दोरी मी धरली, तिनं कापली. मग दुसरी. खालचे कोपरे सुटल्यावर कापड वर उडून फडफडलं, टरकन फाटलं आणि साहेब नाल्यात गेले. टॉवर दोनदा डुलला आणि सरळ झाला.

वारं पडल्यावर मी पाय बघितले. डोंगराच्या बाजूच्या पायाखालचं काँक्रीट जमिनीतनं उपटून वर आलं होतं. फटीत माझं बोट जात होतं. अध्यक्षाला हाताला धरून आणलं, दाखवलं. तो वाकून बराच वेळ बघत राहिला. सकाळी उठून बघतो तर फट सिमेंटनं बुजवलेली. वरनं रांगोळी.

मग विहारात मीटिंग. विषय फट नव्हता. विषय माझी बायको. साहेबांचा अपमान झाला, नळ गेला, माफी मागा. ती पांढरी साडी नेसून गेली, हात जोडून उभी राहिली. "कापड कापलं, चुकले. सांगाल तर शिवून देते. पण परत तिथं बांधलंत तर परत कापीन."

परत कोणी बांधलं नाही. साहेब भिंतीवर गेले. पण तिचं नाव कातरवाली पडलं ते पडलंच. पाण्याच्या रांगेत, लग्नात, सगळीकडे. पुढं केबल आली, टॉवर भंगारात गेला. नाव नाही गेलं.

ती गेली तेव्हा जलदानविधीला सगळे आले. त्या पडवीतल्या बायाही, आता म्हाताऱ्या झालेल्या. अध्यक्षही आला, काठी टेकत. चहा घेताना लोकांना सांगायला लागला, "वहिनी म्हणजे भारी बाई. एकदा तर टॉवरवरचा साहेबच कापला." दोघं-तिघं हसले.

मी म्हणालो, "भाऊ, पायाच्या फटीत सिमेंट कोणी भरलं तेपण सांगा."

"आता कशाला ते? आज दुःखाचा दिवस."

"आजच सांगा. तिला ऐकायला मिळालं नाही. ह्यांना तरी ऐकू दे."

एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "माझी पोरगी होती त्या पडवीत. पाळण्यात."

अध्यक्षानं बशीत बघितलं. मग हळूच म्हणाला, "पण टॉवर पडला तर नाही ना शेवटी."

मी उठलो, त्याच्या हातातनं कपबशी काढून घेतली आणि चहा मोरीत ओतला.