शेळीचं माहितीपत्रक आणि आई

डिसेंबरात वर्गाला 'माझी आई' हा निबंध दिला की मला वह्या तपासायचा उबग यायचा. जिल्ह्याच्या पूर्वेकडचं आमचं कोरडवाहू गाव. निम्म्या मुलांच्या आया दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या, मुलं आजीपाशी नाहीतर चुलतीपाशी. तरी सगळ्या वह्यांत आई एकच: पहाटे उठते, सडा घालते, तुळशीला पाणी घालते, रात्री गोष्ट सांगते. निबंधाच्या पुस्तकातली आई. मुलांना ती तोंडपाठ होती.

एका वर्षी वैतागून मी दिवाळीआधीच ते पुस्तक कपाटात कोंबलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून एका पालकाने शेळीपालनाचं माहितीपत्रक आणलं होतं, ते वर्गात वाचलं आणि आम्ही त्याचा पार कीस काढला. 'शेळी हा गरीब प्राणी आहे' असं यात कुठे आहे का? नाही. लिहिणारा म्हणतो, गोठा कोरडा ठेवा, नाहीतर खुरं सडतात. म्हणजे त्याने गोठा पाहिलाय. तुम्ही जे पाहिलंय ते असंच लिहा, एवढंच मी सांगितलं.

चौथीतली एक मुलगी होती. तिने तोवर चार ओळींपलीकडे कधी मजल मारली नव्हती. मागच्या हंगामापर्यंत आईबापांबरोबर उसात जायची. तिने पान भरून 'कोपी कशी बांधावी' ते लिहिलं. कोपी म्हणजे तोडवाल्यांची उसाच्या वाळल्या पाल्याची, पाचटाची झोपडी. 'कोपीचे तोंड वाऱ्याकडे करू नये. चूल लांब मांडावी, पाचट पेटते. बाळाला गाडीखाली झोपवू नये, बैल हलतात.' आणि शेळीच्या पत्रकाच्या शेवटी होतं तसंच खाली लिहिलं होतं, 'अधिक माहितीसाठी माझ्या आईला भेटावे.' मला हसू आलं आणि रडूही आलं. इतकी वर्षं शिकवून मला पहिल्यांदाच शिकवल्यासारखं वाटलं.

तिचा बाप त्या वर्षी तिला पुन्हा न्यायला निघाला होता. मी घरी जाऊन त्याला ते पान वाचून दाखवलं, निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचं सांगितलं. पाचवीपासून राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच.

"यंदा ठिवतो चुलतीपाशी," तो म्हणाला. "परीक्षा निघाली तर शिकंल. न्हाई निघाली तर पुढच्या हंगामाला नेतो, बाई. तिची आई एकटी किती मोळ्या उचलंल?"

गणितात तिला चांगले गुण पडले. निबंधाने घात केला. यादीत नाव नाही म्हटल्यावर मी त्या शाळेत जाऊन भांडले, तेव्हा तिथल्या गुरुजींनी कंटाळून पेपर पुढे टाकला. विषय 'माझी आई'च होता.

'माझी आई मोळी बांधते. उसाच्या शेंड्याच्या वाढ्याला आधी पीळ द्यावा, मग मोळीवर गुडघा टेकून आवळावे. मोळी डोक्यावर घेताना मान ताठ ठेवावी, नाहीतर रात्री दुखते. आईची मान रोज दुखते. अधिक माहितीसाठी आईला भेटावे. ती सध्या श्रीगोंद्याच्या उसात आहे.'

खाली लाल शाईत शेरा होता: हे माहितीपत्रक आहे, निबंध नव्हे. भावना नाहीत.

"आईवर कसं लिहितात ते पुस्तकात असतं की बाई," गुरुजी म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पाणी विचारलं मला. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. त्याचा काही उपयोग झाला नाही, एवढं आठवतं.

पुढच्या दिवाळीनंतर तोडवाल्यांना न्यायला मुकादमाचा ट्रॅक्टर गावात आला. ट्रॉलीत भांडीकुंडी, बाजरीची पोती, त्यावर ती बसलेली, मांडीवर धाकटा भाऊ. मला बघून तिने हात केला. मीही हात केला.

यंदा डिसेंबरात मी फळ्यावर पुन्हा 'माझी आई' लिहिलं. शेळीचं पत्रक टेबलाच्या खणात होतं, ते काढायला हातच होईना. तिची चुलत बहीण आता चौथीत आहे, तीच परीक्षा द्यायची आहे तिला. तिची आईही या वर्षी उसात गेली. ती वही घेऊन टेबलापाशी आली.

"बाई, खरं लिहू, का परीक्षेतलं?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

"परीक्षेतलं लिही," मी म्हणाले.

ती जागेवर गेली आणि भराभर लिहायला लागली. पहाटे उठते, सडा घालते, तुळशीला पाणी घालते. तिला ते पाठच होतं.