खडीत भरलेली माती

नववीत शाळा सोडून मी कोकणातून इकडे आलो. सावद्याजवळ रुळांच्या डागडुजीच्या कामाला लागलो. खोलीशेजारच्या अक्कांनी पहिल्या दिवसापासून भाकरी घातली. तापाने फणफणलो तेव्हा माझी आई बसली असती तशा त्या उशाशी बसल्या. म्हणून त्या सकाळी खरं बोलणं मला जड गेलं.

रात्रभर पाऊस झाला होता. केळीच्या मळ्यातली पायवाट जिथे रूळ ओलांडते, तिथून मालगाडी गेली. एकेका चाकासरशी रुळांखालचा आडवा स्लीपर खाली दबायचा, वर यायचा, अन् बाजूने चिखलाची चिळकांडी उडायची. मुकादम नाना खाली बसले. खडीत बोटं खुपसली, तर हाताला सगळी मातीच लागली.

"आठे बठ्ठी मातीच शे! कोनी भरी?"

मला ठाऊक होतं, पण मी फावडं उचललं. अक्कांच्या घरची केळी याच वाटेने सायकलवर लादून पलीकडे ट्रकपर्यंत जायची. खडीवर सायकल आदळली की फळाला डाग पडतो, व्यापारी भाव पाडतो. म्हणून अक्कांनी माती पसरून वाट मऊ केली होती.

नानांनी स्टेशनात फोन करून पुढची पॅसेंजर अगदी हळू सोडायला सांगितली. आम्ही चौघं माती उपसायला लागलो, मोकळ्या जागी नवी खडी ठासत गेलो. तेवढ्यात अक्का सायकल ढकलत आल्या. दोन्ही बाजूंना घड लटकलेले.

"आमची वाट खोदून ऱ्हायला का रे तू?"

"अक्का, खडीतून पाणी निघून जायला पाहिजे. मातीने ते अडलंय. खालचा आधारच गेलाय."

"इतक्या गाड्या गेल्या. एक तरी पडली का?"

"पडायची वाट पाहायची का, अक्का?"

"मोठा आला शिकवणारा! तूच सांगितलं ना आमचं नाव?"

नानांनी वर पाहिलं. आता त्यांना कुणी सांगायची गरजच नव्हती.

शिट्टी ऐकू आली. आम्ही बाजूला झालो. गाडी रांगत आली. एका खिडकीत एक बाई पोराला घास भरवत होती. मी फक्त स्लीपरकडे बघत होतो. तो दबला, किंचित. चिखल उडाला नाही. शेवटचा डबाही निघून गेला.

अक्काही बघत होत्या. मग त्यांनी सायकल वळवली आणि रूळ ओलांडायला लांबच्या फाटकाकडे चालू लागल्या. हाक मारावी असं फार वाटलं.

नानांनी रिकामं घमेलं माझ्याकडे सरकवलं. दुसऱ्या रुळाखालची माती अजून निघायची होती.