उन्हात ठेवलेला चेहरा

मुलांनो,

पुण्याहून दौंडची गाडी वेळेवर सुटली, पण केडगावच्या पुढे बराच वेळ उभी राहिली. बाहेर शेतांत काडी नव्हती. रुळांच्या कडेने दुष्काळी कामावरच्या बायका डोक्यावर खडी (फोडलेला दगड) घेऊन चालल्या होत्या. मी निवृत्त झाले, तरी उन्हाळ्यात कुठल्या तरी चित्रकला महाविद्यालयात मला परीक्षक म्हणून बोलावतात. यंदा दौंडला बोलावलं होतं.

हे महाविद्यालय स्टेशनजवळच्या जुन्या गोदामात आहे. प्राचार्य देशमाने सर दारातच उभे होते. "बाई, हातपाय धुवायला पाणी नाही. चहापुरतं राखलंय," ते म्हणाले.

चहा घेताना त्यांनी महाविद्यालयाची हकिकत सांगितली. आधी ते इथे दुकानांच्या पाट्या रंगवायला शिकवत. मग मुलं सरकारी चित्रकला परीक्षांना बसू लागली. पुढे कलाशिक्षकाचा अभ्यासक्रम आला, मग रंगचित्राचा, आणि सगळ्यांत शेवटी शिल्पाचा. "कलाशिक्षकाला नोकरी लागते, म्हणून त्या वर्गात बसायला जागा नाही. शिल्पाला एकटा बिरू उरलाय. तो गेला की वर्ग बंद."

बिरू कवठे येमाईचा. घरची मेंढरं दुष्काळात विकावी लागली आणि त्याच साली त्याचे वडील गेले. परीक्षेसाठी त्याने त्यांचंच डोकं मातीत घडवलं होतं. त्याने ओली फडकी सोडवली. आत पागोटं बांधलेला, गाल बसलेला, जरासा चिडका म्हातारा होता.

"फोटोवरून केलंस?" मी विचारलं.

"फोटो कुठला, बाई. आबांनी कवा काढलाच न्हाई. आयेच्या हातानं केलं."

त्याची आई भिंतीशी बसली होती. खडीच्या कामावरून खाडा करून आली होती. ती उठली, डोळे मिटून मातीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हितं अजून आत घे. दात गेल्यावर पार बसलं व्हतं." बिरूने तिथे अंगठा दाबला. तिने पुन्हा चाचपलं आणि मान हलवली.

"बाई, पास करा बरं का," ती मला म्हणाली. "पोराचं राहू द्या, ह्यांना करा. जितेपणी कशात पास झालं न्हाईत."

"आये, गप की," बिरू म्हणाला, पण हसला.

त्याने फडकी पुन्हा गुंडाळली आणि त्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. प्लास्टरचा साचा निघेपर्यंत माती ओली राहावी लागते, आणि प्लास्टरचं पोतं दुपारच्या गाडीने यायचं होतं.

"प्याचं पानी हाय ते," आई म्हणाली.

"माझ्या वाट्याचं हाय."

मी रंगचित्रं तपासायला गेले. जेवायला भाकरी आणि हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) होतं. बिरू जेवून स्टेशनवर गेला. तो पोतं घेऊन आला तेव्हा आम्ही बरोबरच शिल्पाच्या खोलीत शिरलो. डोकं ज्यावर ठेवलं होतं ती बैठक रिकामी होती.

गोदामामागे भर उन्हात, धोंड्यावर ते डोकं ठेवलेलं होतं. फडकी काढून भिंतीवर वाळत घातली होती. आई शेजारी बसून कावळे हाकत होती.

"वल्ली माती कवा टिकती व्हय?" ती म्हणाली. "नवी चूल घातली की आम्ही उन्हातच सुकवतो. आता पक्कं हुईल."

कपाळापासून ओठापर्यंत भेग गेली होती. आतल्या लोखंडी सळीवर माती आवळून फुटली होती. बिरूने धावत पाणी आणून लावलं, तर गालाचा तुकडा त्याच्या हातात आला. मग नाक गेलं. आईने पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला.

बिरूने तो तुकडा धोंड्यावर ठेवला. मग म्हणाला, "आये, येवढं वझं एकटीनं उचललंस व्हय?"

"लई जड न्हवतं."

सकाळी पाहिलं होतं त्यावरून मी गुण दिले. देशमाने सरांनी हरकत घेतली नाही. बिरू पास झाला, असं मी दोघांना सांगितलं.

आईने धोंड्याकडे पाहिलं. "आन् हे?"

मी गुणांचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला शिरूरला माझ्या मैत्रिणीकडे जायचं होतं. बिरू दौंडलाच राहिला. त्याची आई माझ्याच एस.टी.त होती, मांडीवर त्या फुटलेल्या मातीचं गाठोडं घेऊन. न्हावऱ्याला गाडी थांबली. मग मी म्हटलं, "पुन्हा करेल की तो. तुम्ही सांगा, तो करेल."

तिने डोळे मिटून हात समोर धरला. बोटं जराशी हलली आणि थांबली. "तवा हाताला समदं याद व्हतं, बाई. आता डोळं मिटलं की ती मातीच याद येती."

शिरूरला आम्ही दोघी उतरलो. कवठ्याची गाडी सुटायला वेळ होता, म्हणून ती झाडाखाली जाऊन बसली. गाठोडं तिने सावलीत ठेवलं होतं.

काल पुण्याला घरी परतले. टेबलावर तुमचे फोटो आहेत, दर दिवाळीला तुम्ही पाठवलेला एकेक, ओळीने लावलेले. मी डोळे मिटले आणि धाकट्याचा गाल हाताला आठवतो का ते पाहिलं. फोटोचा कागदच आठवला.

या दिवाळीला फोटो पाठवू नका. तुम्हीच या.

तुमची आजी