पिवळ्या खडूची खूण

डेल्मरने नळीचं पाणी बंद केलं आणि बॉनेटखाली वाकून पाहिलं. इंजिनामागच्या पत्र्यावरची पिवळी खूण साफ धुऊन गेली होती.

बिचारा चांगलं करायला गेला होता. शनिवारी बेल्व्हिडिअर गावच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन. शेजारच्या वर्लनची पंच्याऐंशी सालची ओम्नी, म्हणजे छोटी अमेरिकन मोटार, तिथे जाणार, आणि इंजिनावर बोटभर काळा थर. वर्लन कणसं आणायला गेला, तेवढ्यात डेल्मरने साबण-ब्रश घेऊन तिला तान्ह्या बाळासारखं कानामागेसुद्धा घासून न्हाऊ घातलं.

वर्लनकडे अशा पाच ओम्नी. वरून चौकोनी डबा, पोटात इंजिनाला दुप्पट जोर देणारा टर्बो.

"पाच मिळून एक तरी धड गाडी होते का रे?" डेल्मर नेहमी टोमणा मारायचा.

"सिग्नलला मागे राहतो त्या तुझ्या ट्रकला विचार," वर्लन म्हणायचा.

पण या पाचवीची गोष्ट वेगळी. या गाड्या गावातल्याच कारखान्यात बनायच्या. वर्लनची बायको नॅडीन तिथे तपासनीस होती. गाडी पास झाली की ती पिवळ्या खडूने बरोबरची खूण करायची आणि तिला एक वळणदार शेपटी काढायची. तिच्या हातची एक तरी गाडी मिळावी म्हणून वर्लन अकरा वर्षं भंगारवाड्यांतून बॉनेटं उघडत हिंडला, तेव्हा ही सापडली. लोक पोरीसाठी स्थळंही इतकी बघत नाहीत.

डेल्मर धावत घरी गेला, नातीच्या डब्यातला पिवळा खडू घेऊन आला आणि आठवून आठवून खूण काढली. झकास जमली. मग जरा जास्तच झकास वाटू लागली, म्हणून त्याने बोटाने तिच्यावर थोडं काळं वंगण चोपडलं.

एवढ्यात अंगणात दुसरी ओम्नी शिरली. वर्लन काही उतरेना. जोरात पळवलेल्या गाडीचा टर्बो लगेच बंद करायचा नाही, मिनिटभर त्याला दम खाऊ द्यायचा, हा त्याचा नेम. इंजिन शांतपणे दम खात होतं आणि डेल्मरचा दम कोंडला होता.

शेवटी वर्लन उतरला.

"अरे वा, आंघोळ घातलीस वाटतं!"

"थोडीशी."

"आणि तुला एवढा घाम?"

"ऊन काय आहे बघ ना."

"सावलीत उभा आहेस, डेल्मर."

वर्लन वाकला. बघतच राहिला. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला.

डेल्मरला राहवेना. "पुसली रे मी! ही मी काढलीय. हवा तर माझा ट्रक ठेवून घे, चार शिव्या घाल, पण काहीतरी बोल बाबा!"

वर्लनने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आत नॅडीन बटाटे सोलत होती.

"शेपटी उलटी वळलीय. नॅडीन डावखुरी आहे, गाढवा, तो खडू तिच्याकडे दे."