अलकनंदाचं लाल बटण

इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग तपासणं हे अलकनंदाचं काम. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे नाशिकहून चेन्नईला आलेल्या या बाईने मोठ्या हौसेने ही नोकरी धरली, पण पुढे पार मेटाकुटीला आली. भाग सदोष वाटला तर सुपरवायझरला विचारायचं, तो वरच्या साहेबाला विचारणार, आणि तोवर लाइन थोडीच थांबते? माल पुढे गेला की बोलणी मात्र हिलाच. निर्णय दुसऱ्याचा आणि मान हिची, हा कुठला न्याय! पित्त उसळायचं, डोकं ठणकायचं, डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली. "दसरा झाला की नोकरी सोडते," असं तिने नवऱ्याला, हेरंबला, सांगून टाकलं होतं.

त्याच सुमारास, २००६ साली, शेषाद्री नावाचे नवे मॅनेजर आले. त्यांनी तिच्या टेबलाशी लाल बटण बसवून घेतलं. "शंका आली की लाइन थांबवायची. कुणाला विचारायचं नाही," तिला कळेल अशा सावकाश तमिळमध्ये ते म्हणाले. अलकनंदाचा काही विश्वास बसला नाही. नवे असताना सगळेच साहेब गोड बोलतात.

आयुधपूजा झाली. रिवाजाप्रमाणे यंत्रांना चंदन-कुंकू लागलं, माळा चढल्या. सुट्टीनंतर लाइन सुरू झाली, तर हाती येणाऱ्या भागांवर तांबूस डाग! गंजच हा! देवाचं नाव घेऊन तिने बटण दाबलं आणि सगळी लाइन थांबली.

फिटरने डाग पुसून पाहिला आणि तो खो खो हसत सुटला. यंत्राला फासलेलं कुंकू तेलात मिसळून मालावर ठिबकत होतं. अलकनंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बटण तर आता जाणारच होतं.

शेषाद्रींनी बोट लावून पाहिलं. "कुंकू निघालं, बरं झालं. पुन्हा शंका आली तर पुन्हा थांबवा." यंत्र पुसून झाल्यावर सुपरवायझर लाइन सुरू करायला सरसावला, तेव्हा त्यांनी त्याला अडवलं. "यांनी थांबवलीय. याच सुरू करतील."

अलकनंदाला भरून आलं. या माणसाचे उपकार कसे फेडावेत तिला कळेना. तिने हात जोडले आणि लाइन सुरू केली.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच ती म्हणाली, "अहो, आज मी सगळ्यांदेखत चुकले."

हेरंब धास्तावला. "मग?"

"मग काय? उद्या पहिली पाळी आहे. लवकर उठवा मला."