न वाकलेली तुळई

मोडकाकांचा पगार मोडण्याचा. प्रयोगशाळेत यंत्राखाली काँक्रीटची तुळई ठेवायची, वरून दाब वाढवत न्यायचा आणि ती किती वाकून मोडली ते वहीत लिहायचं. तेवीस वर्षं हेच. घरात मात्र कपाचा कानही यांच्या हातून तुटलेला नाही. ते खातं काकूंकडे.

आता गंमत बघा. जगाच्या तुळया तपासणाऱ्या या गृहस्थांच्याच घरात, थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या, पलंगाच्या वर जी तुळई होती, तिला आतल्या सळईच्या रेषेत लांबच लांब चीर पडलेली. वरच्या न्हाणीघराचं पाणी मुरत होतं. चार वर्षांपूर्वी चिरेतून गंजाचा तांबूस ओघळ आला, तेव्हा पाहुणे येणार म्हणून काकांनीच गिलावा करून वर रंग फासला होता. परवा तो पापुद्रा थेट दादांच्या उशीवर पडला. चिरेत आता नाणं जात होतं.

"दादा, पलंग हलवा. टेकू लावू, मग दुरुस्ती."

दादांनी तुळईखालून भिंत ते भिंत सुतळी ताणली. "बघ, केसभरही वाकलेली नाही. दिवसभर मोडतोड बघून तुझं डोकं फिरलंय!"

"हलवा हो भाऊजी," काकू म्हणाल्या. "परवापासून हे छताकडे बघतायत. लग्नात माझ्याकडेही एवढं बघितलं नव्हतं."

दादा हलले नाहीत. मग काका त्यांना प्रयोगशाळेतच घेऊन गेले.

पहिली तुळई धडधाकट. दाब वाढला तशा तिच्या पोटावर बारीक चिरा आल्या, मग ती वाकत गेली, वाकतच गेली.

"अरे, आज मोडणार का ही?" दादांनी जांभई दिली.

"सळया ताणल्या जातायत. ही पळायला वेळ देते."

दुसरी खाऱ्या पाण्यात मुद्दाम गंजवलेली. ती जेमतेम वाकली असेल नसेल, तोच खाड्कन गेली. दादांचा चष्मा अजून खिशातच होता.

काकांनी तुटकी सळई त्यांच्या हातात दिली. गंजाने एकाच जागी खड्डा पाडून ती पेन्सिलीच्या टोकासारखी निमुळती केली होती.

"न वाकण्यावर विसंबू नका, दादा. आणि... तो डाग मी झाकला होता. कळत असून."

दादा कितीतरी वेळ सळई फिरवत राहिले. "चार वर्षं मी त्याखाली घोरतोय?"

"हो."

घरी आल्यावर चपलाही न काढता दादांनी पलंगाचं एक टोक धरलं. काकांनी लगबगीने दुसरं उचललं.

"सावकाश!" दादा खेकसले. "मोडायचा पगार तिकडे. माझा पलंग नीट धर."