येलवालच्या अंगणातली लाइफबोट

म्हैसुरात राहून समुद्रात बुडणाऱ्यांची काळजी वाहणारा माणूस जगात एकच झाला: आमच्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा. घराणं घोडेस्वारांचं, मामांना स्वतःला पोहता येत नव्हतं. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात आग विझवायच्या खात्यात त्यांनी उभा जन्म काढला आणि तिथे आग म्हणून कधी लागली नाही. निवृत्त झाल्यावर या गृहस्थाने मंगळूरच्या लिलावातून एक जुनी लाकडी, मोटारीवर चालणारी लाइफबोट लॉरीत घालून आणली आणि म्हैसुराजवळ येलवालला, घराच्या अंगणात तुळशीशेजारी टेकू देऊन उभी केली. का, तर बंदरात नेमल्यापासून तिला मदतीला एकदाही कुणी बोलावलं नव्हतं. मामांना तिची दया आली!

लाकूड सुकलं की फळ्यांना फटी पडतात, म्हणून मामा तिला रोज ओली गोणपाटं पांघरत. नळाला पाणी आलं की आधी होडी, मग आत्या. लोकांची होडी पाण्यावर असते, आमच्याकडे पाणीच होडीवर, असं कुरकुरत ती घागर घेऊन शेजारी जायची. दसऱ्याला लोक गाड्या पुजतात. मामा होडीपुढे कोहळा फोडत आणि इंजिन तापू नये म्हणून बादलीत पाण्याची नळी सोडून ते चालू करत. धुराने शेजाऱ्यांचे वाळत घातलेले पंचे काळे व्हायचे. माझ्या सोयरिकीला आलेल्या मंडळींना तर त्यांनी बुचाची जाकिटं चढवून होडीतच कॉफी पाजली. मंडळी ओल्या बुडाने उठली, तरी लग्न ठरलं! माणसं काळजी घेणारी दिसतात, असं सासरे म्हणाले म्हणे.

मामांना मूलबाळ नव्हतं. थकल्यावर एकच घोर लागला, आपल्यामागे हिचं काय. मी खटपट करून एका संग्रहालयाच्या साहेबांना आणलं. साहेब खूश. होडीला थोपटून त्यांनी विचारलं, हिने माणसं किती वाचवली? मी मामांना खुणावलं, सांगा की पाच-दहा. मामांनी घसा खाकरला.

"वाचवलं कोणालाच नाही, सार," ते म्हणाले. "पण ही उभी होती तोवर तिथे कोणी बुडालंही नाही, गोत्ता? ठाऊक आहे?"

साहेब कॉफी पिऊन गेले ते गेलेच. असा संताप आला मला मामांचा! आणि त्याच वेळी इतकी माया आली, की माझ्या वाट्याची कॉफीही मी त्यांच्यापुढे सरकवली.

मामा पुढच्या उन्हाळ्यात गेले. लाकडाच्या वखारवाल्याला बोलावू का, असं मी एकदा आत्याला विचारलं. तिने कितीतरी दिवस माझ्याशी बोलणंच टाकलं. आता आत्याही थकलीय, आणि तिच्यामागे होडीचं काय, हा घोर मला लागलाय.